बुळकांडी ते गोचीडताप : बंगळूरच्या पशुवैद्यकाची घडण

केंपेगौडाने 1537 मध्ये बंगळूर वसवताना दोड्डपेट आणि चिक्कपेट या रस्त्यांच्या छेदावरून चारी दिशांना बैलजोड्या सोडल्या आणि नांगराच्या तासांवर पेठेचे मुख्य रस्ते आखले, अशी परंपरा सांगितली जाते. ती अक्षरशः खरी मानली नाही तरी आजच्या चिकपेटेचा परिसर पुढची कित्येक शतके बैलांच्याच बळावर चालला, याविषयी वाद संभवत नाही. गाणिगरपेटेतील तेलघाण्यांना बैल जुंपलेले असत आणि तरगुपेटेतील धान्य बैलांच्याच पाठीवरून व गाड्यांतून येई. अशा गावात जनावरांचे औषधपाणी म्हणजे प्रथम गुरांचे, मग घोड्यांचे. कुत्र्या-मांजरांची पाळी फार उशिरा आली, आणि आज त्यांच्या दवाखान्यात वापरली जाणारी रक्तपरीक्षा, रक्तद्रव, लस ही साधने मुख्यतः गुराघोड्यांच्या साथींतूनच घडत आली.

या शहराला मराठी वाचकाच्या ओळखीचा एक दुवा आहे. 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि 1687 च्या सुमारास व्यंकोजींच्या हातून निसटून, तीन लाख रुपयांच्या व्यवहाराने, म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांकडे गेले. याच राजाने ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी, या नावाने सरकारी गुरांचे खाते उभारले, हैदरअलीने त्यातील बैल तोफा व रसद ओढण्यासाठी वाढवले आणि टिपूने त्या खात्याला ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. पैदास, निवड, राखीव कुरणे यांत हे खाते तरबेज होते. मात्र साथ आली की डागणी, झाडपाला आणि आजारी जनावर वेगळे बांधणे यापलीकडे त्या काळी कोणाच्याच हाती फारसे काही नव्हते. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा सांगणारे सालोतरी असत, पण गोठ्यातील गाईला असा वैद्य क्वचितच लाभे.

बुळकांडीने ही मर्यादा उघडी पाडली. विषाणूजन्य अशा या रोगात आधी ताप चढे, मग हिरड्यांवर व ओठांच्या आत कोंडा पसरल्यासारखे चट्टे उठून त्यांचे व्रण होत, पुढे दुर्गंधीयुक्त हगवण लागे आणि बरीच जनावरे आठ-दहा दिवसांत मरत. तिच्यासारख्या साथींच्या अभ्यासासाठी 1889 मध्ये पुण्यात सुरू झालेली प्रयोगशाळा 1893 मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवली गेली, कारण घातक जंतू हाताळण्यासाठी वस्तीपासून दूरची थंड जागा हवी होती. म्हैसूर संस्थानाने 1925 मध्ये बंगळूरजवळ हेब्बाळ येथे स्वतःची सीरम संस्था काढली. सीरम म्हणजे रोगाला तोंड देऊन वाचलेल्या जनावराच्या रक्तातील पातळ द्रव. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये असल्याने तो टोचलेल्या जनावराला काही काळ संरक्षण मिळे, परंतु ते तात्पुरते असल्याने खरा तोडगा लसीचाच होता. मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी 1920 च्या दशकात शेळ्यांतून रोगविषाणू पुनःपुन्हा नेऊन तो सौम्य केला, आणि अशा लसींच्या बळावर अखेर 2011 मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. मानवाने निर्मूलन केलेला जनावरांचा हा पहिलाच रोग होय. हे निर्मूलन घडवणाऱ्यांना तेवढे श्रेय क्वचितच दिले जाते.

रक्तातील परजीवी पाहण्याची सवय मात्र घोड्यांमुळे लागली. ग्रिफिथ इव्हान्स यांना 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे ‘सर्रा’ या रोगाने आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले, तेच पुढे ब्रह्मदेशातील खेचरांत अभ्यासणारे जे. एच. स्टील 1886 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. कुत्र्याच्या वाट्याला हे शास्त्र शिकारीच्या निमित्ताने आले. मद्रासच्या शिकारी क्लबातील विलायती कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत डब्ल्यू. एस. पॅटन यांनी 1910 मध्ये एक बारीक परजीवी वर्णिला, जो आज ‘बबेसिया गिब्सोनी’ म्हणून ओळखला जातो. गावातील कुत्र्याकडे शास्त्राचे लक्ष गेले ते त्याच्यावरील प्रेमाने नव्हे, तर तो चावतो म्हणून. रेबीजवर दक्षिणेत 1907 मध्ये कुन्नूरची पाश्चर संस्था निघाली, आणि मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लसीची पोटावर घ्यावी लागणारी इंजेक्शने भारतात 2004 च्या अखेरीपर्यंत बनत राहिली.

हेब्बाळ येथे 1958 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय आले. आज शहरी कुत्र्यांत वारंवार दिसणाऱ्या गोचीडतापाचे निदान मात्र पॅटनच्याच पद्धतीने होऊ शकते : कानाच्या टोकाला सुई टोचून निघालेला थेंब काचपट्टीवर पातळ पसरवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत अंगठीसारखी वर्तुळे, तर पांढऱ्या पेशींत एर्लिकिया या जिवाणूचे तुतीच्या फळासारखे पुंजके शोधायचे. हा ताप पसरवणारी कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते, तिथे हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध चोळून भागत नाही, घरही साफ करावे लागते, आणि पेठेतल्या दाटीच्या वस्तीत ते सोपे नसते. एर्लिकिया डॉक्सिसायक्लिनला सहसा दाद देतो. बबेसिया गिब्सोनी हट्टी निघाला : 1909 मध्ये मोठ्या बबेसियावर लागू पडलेला ट्रायपॅन ब्लू हा रंग त्याच्यावर चालला नाही, 1955 मध्ये आलेले डायमिनाझिनही त्याला अनेकदा समूळ काढू शकत नाही, आणि ॲटोव्हाक्वोन व ॲझिथ्रोमायसिन यांच्या जोडीनंतरही काही कुत्र्यांत रोग उलटतो. बरा दिसणारा कुत्रा असा परजीवी वर्षानुवर्षे बाळगू शकत असल्याने, दुसऱ्या कुत्र्याला रक्त देण्यापूर्वी दात्याची तपासणी करावी लागते.