अंकुशी रुपयाची कुळकथा

जुनी नाणी जमवणं हा साहेबाकडून आलेला शौक, असं सरसकट मानलं जातं. याद्या आणि संग्रहालयातली कपाटं साहेबाची, हे खरं. पण नाणं ओळखणारी नजर इथल्या सराफाची आहे. अंकुशी रुपयाच पाहा. त्यावर ना पेशव्यांचं नाव, ना छत्रपतींचं. फारसी अक्षरांत आहे तो दिल्लीचा शाह आलम. मराठी टांकसाळीची ओळख पटते ती एवढ्याशा अंकुशावरून. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या तासगावात काय किंवा पुण्यात काय, व्यवहारात टांकसाळी-टांकसाळींचे नाना रुपये फिरत, आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा हे ठरायचं ते अशाच खुणांवरून. साचा चकतीपेक्षा मोठा असल्याने साल पुष्कळदा काठाबाहेर जाई, म्हणून तर खुणेला एवढं मोल.

बादशहाचं नाव म्हणजे मांडलिकपणा, असा आक्षेप येईल. मग इंग्लंडच्या पेनीचं काय म्हणायचं? दुसऱ्या हेन्रीने 1180 साली पाडलेल्या चांदीच्या पेनीवरचं त्याचं नाव त्याच्यामागून आलेल्या रिचर्ड आणि जॉन या त्याच्याच मुलांनीही तसंच ठेवलं. जॉन काही कुणाचा मांडलिक म्हणून बापाचं नाव छापत नव्हता; लोकांचा विश्वास बसलेलं नाणं बदलायची त्याला गरज वाटली नाही. आज त्या पेन्या जमवणारे राजाच्या केसांच्या वळ्या आणि अक्षरांची ठेवण पाहून त्या कोणत्या काळातल्या ते ठरवतात. मागच्या बाजूला पाडणाऱ्याचं आणि गावाचं नाव असे, म्हणजे वजनात खोट निघाली तर कुणाला धरायचं ते कळे. आणि 1818 नंतर खुद्द कंपनी सरकारनेही पुण्यात अंकुशी रुपयेच पाडले. पेशवाई बुडवणाऱ्यांना पेशव्यांची खूण मोडवली नाही, यापेक्षा बोलका पुरावा कुठला?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सराफाला चांदीशी मतलब, इतिहासाशी नव्हे. उद्देश वेगळा, हे मान्यच. पण टांकसाळ ओळखल्याशिवाय चांदीचा कस सांगता येत नसे, म्हणून सराफाला नाण्याचं कूळ पाठ ठेवावंच लागे. पारख झाली की तो नाण्यावर आपला बारीक ठसा मारी. हौशी संग्राहक अशा नाण्याला डागी म्हणून बाजूला सारतात, हा करंटेपणाच! तो ठसा म्हणजे नाणं चलनात फिरल्याची आणि पारखून घेतलं गेल्याची नोंद आहे.

1835 साली चौथ्या विल्यमचा, 180 ग्रेनचा, एकाच वजनाचा रुपया आला. तासगाव 1848 साली खालसा झालं, तोवर नाना टांकसाळींचे रुपये आटणीत जाऊ लागले होते. बट्टा नाहीसा झाला आणि खुणा वाचण्याचं कसब सराफाच्या रोजच्या कामातून सुटलं. संग्राहकाने पुढे उचललं ते हेच कसब.