गोठ्यातून आलेलं नात्याचं गणित

१८१० साली इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात चार्ल्स कॉलिंग या शेतकऱ्याने आपला शॉर्टहॉर्न गुरांचा कळप लिलावात काढला. त्यातला ‘कॉमेट’ नावाचा वळू १००० गिनींना गेला. एका वळूसाठी एवढी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती. कॉमेटची वंशावळही तितकीच अचंबित करणारी होती. त्याचा बाप फेव्हरिट. आई यंग फिनिक्स ही त्याच फेव्हरिटची मुलगी, आणि तीही फेव्हरिटला त्याच्या स्वतःच्या आईपासून, म्हणजे फिनिक्सपासून झालेली. फिनिक्स ही कॉमेटची आईकडूनही आजी आणि बापाकडूनही आजी. अशा पैदाशीने कळपातले गुण पक्के होतात, हे शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्नची वंशनोंदवही छापली आणि कोणता वळू कुणाचा, हे कायमचं कागदावर आलं.

पण नातं ‘जवळचं’ म्हणजे नेमकं किती जवळचं, हे सांगणारा आकडा मिळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

तो आकडा दिला सिवॉल राइट यांनी. १९१५ पासून ते अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांच्या पैदाशीवर काम करत होते. त्यांचे आईवडील एकमेकांच्या सख्ख्या चुलत-मावस नात्यातले होते, हा योगायोग इथे सांगायलाच हवा. १९२२ मध्ये त्यांनी मांडलेली रीत कागद-पेन्सिलीने करता येते. नर आणि मादीपासून निघून त्यांच्या समाईक पूर्वजापर्यंत जाणारी वाट धरायची, वाटेवरचे जीव मोजायचे आणि प्रत्येकासाठी एकदा निम्मं करायचं. कॉमेटचंच पाहू. फेव्हरिट आणि यंग फिनिक्स यांच्यात एक वाट सरळ बाप-लेकीची : दोन जीव, म्हणून १/४. दुसरी फिनिक्समार्गे : तीन जीव, म्हणून १/८. बेरीज ३/८. त्याआधीच्या पिढ्यांतली नाती धरली तर आकडा आणखी वाढतो. याच हिशेबाने आपल्याकडे मामेबहीण-आतेभावाच्या लग्नातून झालेल्या मुलाचा आकडा १/१६ येतो. मराठी भाषेने चुलत, मावस, आते आणि मामे हे चार वेगळे शब्द जपले आहेत. या गणितात मात्र चौघांची किंमत एकच. १९४८ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह मालेको यांनी या आकड्याला संभाव्यतेचा स्वच्छ अर्थ दिला : दोघांकडून उचललेली जनुकाची एकेक प्रत एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेली असण्याची शक्यता.

पुढचं पाऊलही गोठ्यातच पडलं. वळू काही दूध देत नाही; त्याची पारख होते ती त्याच्या मुलींच्या दुधावरून. कृत्रिम रेतन आल्यावर एकेका वळूच्या मुली असंख्य गोठ्यांत पसरल्या. कुठे वैरण चांगली, कुठे निगा कमी. मग दूध वळूच्या गुणामुळे वाढलं की मालकाच्या हातामुळे? आयोवात पशुपैदासतज्ज्ञ जे लश यांच्या विद्यापीठात शिकून कॉर्नेल विद्यापीठात आलेल्या चार्ल्स हेंडरसन यांनी १९५० च्या सुमारास याचं उत्तर शोधलं. गोठ्याचा परिणाम एका बाजूला ठेवायचा आणि सगळ्या जनावरांच्या आपसातल्या नात्यांची सारणी दुसऱ्या बाजूने समीकरणात घालायची. या रीतीला ‘मिक्स्ड मॉडेल’ म्हणतात. समीकरण सोडवायला ही सारणी गणिती अर्थाने उलटवावी लागते, आणि हजारो जनावरांची सारणी उलटवणं त्या काळच्या संगणकांना झेपत नव्हतं. १९७६ मध्ये हेंडरसन यांनी ती उलटी सारणी वंशावळीवरून थेट लिहून काढण्याची युक्ती दिली. माणसांच्या आजारांचं संशोधन या दूधवाल्या गणिताचं जेवढं देणं लागतं, तेवढं श्रेय त्याला क्वचितच मिळालं आहे.

माणसांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. आजाराचं जनुक शोधायचं तर रुग्ण आणि निरोगी माणसं असे दोन गट घ्यायचे आणि जनुकाचा एखादा प्रकार रुग्णांत जास्त सापडतो का, ते बघायचं. नेहमीची संख्याशास्त्रीय कसोटी प्रत्येक माणसाला स्वतंत्र साक्षीदार धरते. पण दम्याचे तीन रुग्ण सख्खे भाऊ असतील आणि तिघांनाही जनुकाचा तो प्रकार एकाच आजीकडून मिळाला असेल, तर ती एकाच घरातली साक्ष तीनदा नोंदली जाते. पुरावा आहे त्याहून भक्कम दिसतो आणि निर्दोष जनुकावर ठपका येतो. यावर जुना उपाय असा, की एका कुटुंबातला एकच रुग्ण ठेवायचा आणि बाकीचे वगळायचे.

अमेरिकेतल्या दक्षिण डकोटाच्या हटराइट वसाहतींत हा उपाय चाललाच नसता. सोळाव्या शतकात युरोपात उभा राहिलेला हा ख्रिस्ती पंथ १८७० च्या दशकात अमेरिकेत आला. शेती सामाईक, स्वयंपाकघर सामाईक आणि लग्नं पंथातच. शिकागो विद्यापीठाच्या कॅरोल ओबर यांनी तिथे दम्याचा आणि ॲलर्जीचा अभ्यास केला. त्यांच्या हातात १३ पिढ्यांची, १६२३ जणांची वंशावळ होती आणि ती ६४ मूळ पूर्वजांपाशी जाऊन थांबत होती. इथे प्रत्येक जण प्रत्येकाचा नातेवाईक, आणि तोही अनेक वाटांनी. नातेवाईक वगळायचे म्हटलं तर अभ्यासच उरत नाही.

म्हणून ओबर, संख्याशास्त्रज्ञ मेरी सेरा मॅकपीक आणि सहकाऱ्यांनी नातेवाईक ठेवले आणि कसोटी बदलली. वंशावळीतून प्रत्येक जोडीचा नात्याचा आकडा काढून तो थेट हिशेबात घेतला, म्हणजे भावाची साक्ष भावाची म्हणूनच तोलली गेली. २००३ मध्ये या पद्धतीने ॲलर्जीच्या प्रवृत्तीशी पी-सिलेक्टिन या जनुकाचा संबंध दाखवला. राइट १९२६ मध्ये कृषी खातं सोडून गेले ते याच शिकागो विद्यापीठात.

२००५ मध्ये शिकागोच्याच बेंजामिन व्हॉइट आणि जोनाथन प्रिचर्ड यांनी संशोधकालाही ठाऊक नसलेल्या नात्यांचा हिशेब मांडला. मोठ्या, मिसळलेल्या लोकसंख्येत नीट आखलेल्या अभ्यासाला अशा छुप्या नात्यांचा धोका नगण्य असतो. थोड्या पूर्वजांपासून अलीकडे झपाट्याने वाढलेल्या समाजात मात्र तो गंभीर ठरतो. पुढच्याच वर्षी मक्यावर काम करणाऱ्या जियानमिंग यू, एडवर्ड बकलर आणि सहकाऱ्यांनी हेंडरसन यांचं मिक्स्ड मॉडेल जनुकशोधात आणलं. बकलर यांची प्रयोगशाळा कॉर्नेललाच. या वेळी सारणी वंशावळीतून आली नाही, ती डीएनएच्या खुणा ताडून केली होती. कोट्स यांच्यासारख्या नोंदवहीची गरज तिथे संपली. २०१० पर्यंत ही रीत हजारो माणसांच्या नमुन्यांवर चालू लागली. यूके बायोबँकेच्या सुमारे ५ लाख स्वयंसेवकांचा डीएनए २०१८ मध्ये असा ताडला, तेव्हा जवळपास ३० टक्के जणांचा चुलत-मावस किंवा त्याहून जवळचा नातेवाईक त्याच यादीत निघाला.

भारतात छुप्या नात्यांचा हा प्रश्न अधिक खोल आहे. १९५६ मध्येच एल. डी. संघवी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या बारा अंतर्विवाही गटांमधल्या नात्यातल्या लग्नांचं प्रमाण मोजून प्रसिद्ध केलं होतं. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा डीएनए तपासला गेला. त्यांतल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा, ज्यांचा अशा बाबतीत नेहमी दाखला देतात त्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाला, आणि अशा १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर आहे. अशा एखाद्या गटातले, दोन वेगळ्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण एकमेकांना ओळखतही नसतात. रुग्णालयाच्या नोंदीत ते परके असतात; डीएनएच्या सारणीत मात्र त्यांच्या नावांच्या चौकटीत शून्याच्या जागी काही आकडा उमटतो.