पाटीतून कुंडीत: गुग्गुळाच्या कुळाचा मागोवा

राळ देणारे वाळवंटी झुडूप कुंडीत वाढवण्याची हौस नवी वाटते. पण तिचा माग काढत आपण निघालो, की थेट इ.स.पूर्व पंधराव्या शतकातल्या इजिप्तमध्ये पोचतो. राणी हत्शेप्सुतने पुंत देशी जहाजे धाडली आणि देर अल-बहारीच्या आपल्या मंदिरात ती सफर कोरून घेतली. मुळांभोवतीच्या मातीसकट पाट्यांत बसवलेली सुगंधी राळेची झाडे माणसे दांड्यांना लटकवून खांद्यावरून नेत आहेत, हे त्या भिंतींवर आजही पाहता येते. तिथल्या लेखात 31 झाडांची नोंद आहे. कुंडीतल्या आपल्या झाडाचे खरे पूर्वज मी या पाट्यांनाच मानतो. पुढे ज्यूडियातले, गुग्गुळाच्याच कुळातले बाल्समचे झुडूप रोमन सम्राट वेस्पाशियन आणि टायटस यांनी रोमकरांपुढे मिरवले, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो. त्याच पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ भडोचहून जाणाऱ्या मालात गुग्गुळाची राळ नोंदवतो.

गुग्गुळ हा हिराबोळाचा सख्खा भाऊबंद. कच्छ, राजस्थानच्या खडकाळ माळांवरचा काटेरी गडी. योगराज गुग्गुळामुळे घरोघरी ठाऊक असलेल्या या औषधाला 1966 मध्ये वेगळेच वळण लागले. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी रक्तातील चरबीवरचा त्याचा परिणाम प्रबंधात मांडला आणि पुढे मागणी वाढली. राळेच्या लोभाने खोल चिरा पाडल्या, की झुडूप वाळते. 2015 पासून ते अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे.

दरम्यान छांदिष्टांची नजर राळेवरून खोडाकडे वळली होती. बुडाशी फुगणाऱ्या वनस्पतींवरचा गॉर्डन राउली यांचा ग्रंथ 1987 मध्ये आला, आणि वेडेवाकडे खोड हेच शिल्प मानणाऱ्या या छंदाला भक्कम आधार मिळाला. गुग्गुळाची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवट खोड चमकते, बोटाला गंध लागतो. त्याला भरपूर ऊन आणि निचऱ्याची, वाळू-खडी मिसळलेली माती हवी. पाने गळाली, की पाणी जवळजवळ बंद करावे. नाहीतर मुळे कुजतात. जून फांदीचा छाट सहज रुजतो. म्हणूनच रोपवाटिकेत जाड बुंध्याचे तयार झाड समोर आले, तर ते रानातून उपटलेले नाही ना, हे आधी विचारा. आणि छाटापासून केलेले छोटे रोपच घरी आणा.