सीझिनकोट : इंग्लंडच्या खेड्यातला मुघल घुमट

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्डच्या हिरव्या टेकड्यांमध्ये एक घर आहे. त्याच्या माथ्यावर कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या आणि भिंतींबाहेर रुंद छज्जे. हे सीझिनकोट हाऊस.

घरामागे पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा. बंगालमधून परतलेल्या कर्नल जॉन कॉकरेल यांनी 1795 मध्ये ही जमीन घेतली. 1798 मध्ये ते वारले आणि मालमत्ता धाकटे बंधू चार्ल्स यांच्याकडे आली. तेही कंपनीच्याच नोकरीत श्रीमंत झालेले. त्यांनी 1805 च्या सुमारास आपलेच भाऊ, वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांच्याकडून हे घर बांधून घेतले. याच सॅम्युअलनी जवळच डेल्सफर्ड येथे वॉरन हेस्टिंग्जचे घरही उभारले होते.

सॅम्युअलच्या मदतीला होते चित्रकार थॉमस डॅनियल. पुतण्या विल्यमबरोबर ते सात-आठ वर्षे भारतभर हिंडले होते आणि इथल्या इमारतींची त्यांची चित्रे इंग्लंडमध्ये गाजत होती. 1793 मध्ये मुंबईत त्यांची गाठ जेम्स वेल्सशी पडली. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारे वेल्स ते हेच. वेल्सनी काढलेली वेरूळची चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर डॅनियलनीच प्रसिद्ध केली.

म्हणूनच सीझिनकोटच्या बागेतला पूल पाहताना मराठी माणसाला ओळखीचे काही दिसते. पुलाखालचे जाड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतले आहेत. कठड्यावर नंदी बसले आहेत. त्याच ओढ्याच्या वरच्या टोकाला सूर्याचे छोटे देऊळ आणि खालच्या अंगाला खोडाला वेटोळे घातलेल्या तीन फण्यांच्या नागाचे कारंजे आहे. पूजा मात्र इथे कधी अपेक्षितच नव्हती. देवही बागेची शोभा म्हणूनच आले.

मुख्य इमारतीत मुघल घुमट आणि मोरपिसाऱ्यासारख्या कमानींच्या खिडक्या एकत्र नांदतात. घुमटाचे तांबे हवेने हिरवे पडले आहे. छज्जा आपल्याकडे उन्हापासून बचावासाठी असतो. ऊन दुर्मीळ असलेल्या इंग्लंडमध्ये तो निव्वळ दिखाव्याचा. आत पाऊल टाकले की भारत संपतो. जिना, दालने, छताचे नक्षीकाम सगळे त्या काळच्या इंग्रजी पद्धतीचे, ग्रीक-रोमन वळणाचे. राहण्याच्या सवयी बदलायची कॉकरेल यांना गरज वाटली नाही.

1807 मध्ये युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचे चौथे जॉर्ज, इथे येऊन गेले. ब्रायटनचा त्यांचा राजवाडा भारतीय थाटाचा झाला त्यामागे या भेटीचा वाटा मानला जातो. हम्फ्री रेप्टन यांनी त्यासाठी आराखडे केले, पण काम शेवटी जॉन नॅश यांना मिळाले आणि ते 1815 नंतर सुरू झाले. इंग्लंडमध्ये भारतीय थाटाची लाट काही आली नाही. सीझिनकोट आजही खासगी मालकीचे आहे. वर्षातले काही दिवस ते लोकांना पाहता येते.