संगीत-अध्यापनाचे उच्च शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण दीर्घकाळ घराण्यांच्या चौकटीत, गुरुमुखातून होत असे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून ते सर्वसामान्यांस खुले केले. तेथे ‘उपदेशक’ वर्गाद्वारे संगीतशिक्षक घडविण्याची स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली, ही बाब विशेष महत्त्वाची होय. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेने अध्यापनास लिखित आधार दिला. १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून लखनौ येथे मॅरिस कॉलेज उभे राहिले. उत्तम गायक हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही, ही जाण उपदेशक वर्गामागे दिसते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात रागज्ञान व सादरीकरणाबरोबर अध्यापनपद्धतीसही स्वतंत्र स्थान मिळाले, तरच हा वारसा खऱ्या अर्थाने जपला जाईल.