संसारातली कावीळ

रक्तदान शिबिरानंतर किंवा बाळंतपणाआधीच्या तपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला की घरात औषधाची चौकशी मागे पडते आणि ‘हे आलं कुठून?’ हा प्रश्न आधी निघतो. त्याचा रोख सरळ चारित्र्यावर असतो. या रिपोर्टात दिसतो तो, बोलीत ‘पांढरी कावीळ’ म्हणतात तो हिपॅटायटिस बी शरीरसंबंधातून पसरतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीचं ठाऊक नसतं. रोगावरून संसार मोडायची आपली रीत मात्र या काविळीच्या भीतीपेक्षा जुनी आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानलं आणि ते कलम २०१९ साली निघालं. तोवर कुष्ठरोगावर खात्रीचं औषध येऊन कित्येक वर्षं लोटली होती. अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड कायद्याच्या फार पुढे होतं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. कुष्ठरुग्णांची वेगळी वसाहत न करता त्यांनी हे काम नेहमीच्या दवाखान्यातच सामावलं आणि गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ओसरीवर वेगळं ताट मांडणाऱ्या घरात शिरून भीती काढायची, तर तिथे गावातलीच बाई लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे एचआयव्हीच्या काळात, नगर शहरात १९८९ साली सुरू झालेल्या ‘स्नेहालय’सारख्या संस्थांना त्याच भीतीशी नव्याने झगडावं लागलं. नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईलाच कलंक चिकटायचा.

हिपॅटायटिस बीच्या बाबतीत हा संशय आणखी लंगडा ठरतो, कारण लागण कोणत्या वयात झाली यावर सगळं अवलंबून असतं. जन्मताना आईकडून विषाणू आला तर दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. धडधाकट प्रौढाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर तो स्वतःच हुसकावून लावतं. म्हणजे वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहणाऱ्या माणसाला ही कावीळ बहुधा लग्नाच्या कितीतरी आधी, लहानपणीच मिळालेली असते. त्यात सुईची भर. हा विषाणू शरीराबाहेरही निदान सात दिवस तग धरतो. घाईघाईत उकळलेली काचेची सिरिंज, जत्रेतलं गोंदण, न्हाव्याचा एकच वस्तरा यांमधून गेलेल्या पिढ्यांनी काय काय घरी आणलं, याची नोंद कुणी ठेवली? २००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात या काविळीने अनेकांचा बळी घेतला, तेव्हाही पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांकडेच बोट गेलं.

यावर कुणी म्हणेल, शरीरसंबंधातून पसरतो हे तर खरंच ना? खरं आहे, आणि एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो. नवऱ्याला किंवा बायकोला बेफिकीर राहा असं सांगणं हा गुन्हाच ठरेल. पण एचआयव्हीवर नसलेली लस इथे आहे. जोडीदाराची तपासणी करायची. लागण झालेली नसेल आणि संरक्षणही नसेल तर आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस घ्यायचे, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं पुरेशी झाली का ते रक्तात पाहायचं. तोवर निरोध वापरायचा. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश कायमचेच वेगळे. ताट, पेला, अंथरूण वेगळं करायचं काही कारण नाही. दुसरा आक्षेप पैशाचा असायचा आणि एके काळी तो रास्तही होता: परदेशी लस सामान्य घराला परवडत नसे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत उतरली. आणि रिपोर्ट तरी काय सांगतो? रक्तात विषाणू आहे, एवढंच. तो कुणाकडून आणि कोणत्या साली आला, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस काही राज्यांत आधी आली, देशभर २०११ साली. त्या वर्षी जन्मलेली मुलगी २०२९ मध्ये अठरा वर्षांची होईल. आज बोहल्यावर चढणाऱ्या बहुतेकांचा जन्म त्या आधीचा आहे. पत्रिका जुळवून झाल्यावर दोघांचंही रक्त तपासून घ्यायला काय हरकत आहे? मात्र रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून सोयरीक मोडणार असाल, तर ती तपासणी न केलेलीच बरी.