अणूंचे गुच्छ आणि प्रकाशाचा घाव

ज्याच्या अंगीं विद्युद्भार नाहीं, त्यास विद्युत्-शक्तीनें वेग देतां येत नाहीं, हा पदार्थविज्ञानांतील अगदीं आरंभींचा धडा होय. मग अशा भाररहित, म्हणजे उदासीन, अणूस प्रचंड वेगानें धांवावयास लावावयाचें कसें? या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईस, कुलाब्याच्या समुद्रकांठीं सांपडलें. आणि साधन होतें प्रकाशाचें.

१९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मैमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर-किरण मिळविला. पुढें १९८५ सालीं डोना स्ट्रिकलँड व जेरार मूरू यांनीं अशी युक्ति काढली, कीं प्रकाशाचा क्षणिक स्पंद आधीं ताणावयाचा, मग त्याचें बळ वाढवावयाचें, आणि शेवटीं त्यास पुन्हां आकसून घ्यावयाचें. सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागास फेम्टोसेकंद म्हणतात. अशा शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाशाची मजल साधारण केसाच्या जाडीइतकीही होत नाहीं. एवढ्या अल्पावधींत सर्व ऊर्जा एकवटली, म्हणजे तिचा घाव किती तीव्र होत असेल!

परंतु घाव घालावयाचा कशावर? वायूंत अणु विरळ असल्यानें बहुतेक प्रकाश पार निघून जातो; घन पदार्थांत तो शोषला जातो, पण ती ऊर्जा लागलीच आंत पसरते. मधली स्थिति म्हणजे अणुगुच्छ. वायु म्हणजे सुट्या लाह्या, तर गुच्छ म्हणजे लाह्यांचा लाडू. दाबाखालील वायु बारीक छिद्रांतून निर्वात पोकळींत सोडला, कीं तो प्रसरण पावून अतिशय थंड होतो, व हजारों अणु एकमेकांस बिलगतात. अशा गुच्छावर स्पंद पडतांच इलेक्ट्रॉन सुटतात, तापतात व बाहेर पडूं लागतात. मागें उरलेले धनभारित आयन परस्परांस लोटतात, आणि गुच्छाचा स्फोट होतो. १९९७ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत झेनॉनच्या गुच्छांतून दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जेचे आयन निघालेले आढळले. दोन वर्षांनीं अमेरिकेंत ड्यूटेरियमच्या गुच्छांपासून अणुगर्भांचें मीलनही घडवून आणण्यांत आलें.

होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत एम. कृष्णमूर्ती व त्यांचे सहकारी यांनीं अरगॉनच्या गुच्छांवर प्रयोग केले. त्यांचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. स्फोटांतून सुटलेला आयन भोंवतालच्या उत्तेजित गुच्छांजवळून जातांना त्यांचे सैल झालेले इलेक्ट्रॉन उचलतो. त्याचा भार फिटतो. वेग मात्र कायम राहतो. जवळजवळ सर्व आयन याप्रमाणें उदासीन अणु झाले, आणि त्यांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत भरली. निसर्गाचा नियम येथें कोठेंच मोडलेला नाहीं. वेग घेतला त्या वेळीं तो कण भारितच होता.

उदासीन अणु चुंबकानें वळत नाहीं. म्हणूनच संलयनाच्या भट्टींत, जेथें तप्त द्रव्य चुंबकीय क्षेत्रानें कोंडलेलें असतें, तेथें उदासीन कणांच्या झोतानें उष्णता पोंचवितात. त्यासाठीं आयनांना आधीं वेग द्यावयाचा, व मग वायूंतून नेऊन त्यांचा भार उतरवावयाचा, अशीं दोन कामें निरनिराळीं करावीं लागतात. शिवाय आयन जितका वेगवान्, तितका त्याचा भार उतरणें कठीण. कुलाब्याच्या प्रयोगशाळेंत तींच दोन कामें एका मेजावरील यंत्रसामग्रीनें, एकाच जागीं उरकलीं, हें या संशोधनाचें महत्त्व होय.